दोन नळ्यांचं मशीन

उस्तादला घरी बसून वर्ष होत आलं होतं आणि तेवढ्या अवधीत त्याच्या बायकोला टर्बाइन, म्हणजे रंग फवारायचं यंत्र, हा विषय तोंडपाठ झाला होता. तिला तो पाठ व्हायचं खरं तर काही कारण नव्हतं. ती घरबसल्या लोकांच्या बॅगांच्या चेन बदलून द्यायची, पडदे शिवायची, पोट सुटलेल्या गिऱ्हाइकांच्या पँटी कमरेत सैल करून द्यायची. पण नवरा समोर खुर्ची टाकून सकाळपासून एकच दळण दळत बसला, तर बाईनं शिवणयंत्र तरी किती जोरात चालवायचं? शेवटी तिनं हात टेकले आणि ऐकत गेली.

"तीन पंख्यांचं घेतलं तर रंग उडेल, पण क्लिअरचे थेंब जाडे पडतील," उस्ताद म्हणायचा. क्लिअर म्हणजे रंगावरचा तो शेवटचा काचेसारखा थर, हे तिला आता कळत होतं. "चार पंख्यांचं तरी पाहिजेच."

"मग घ्या चार पंख्यांचं."

"पाचवाल्याला जोर जास्त. पण हवा फार तापते. रंग गाडीवर पोचायच्या आत वाटेतच सुकतो."

"मग नका घेऊ पाचवालं."

"असं कसं नका घेऊ? थिनर जरा संथ सुकणारा घातला की झालं."

उत्तर कुठलंही द्या, चूकच. आणि हा तोच माणूस, ज्यानं घर घेताना भिंतीला बोटसुद्धा लावून बघितलं नव्हतं. दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड, एवढं ऐकलं आणि मान डोलावून मोकळा झाला. पावसात छत गळायला लागलं तेव्हा भांडी मांडत फिरली ती बायको. आता मात्र एका पेटीएवढ्या यंत्रासाठी त्याची चौकशी संपत नव्हती. दुकानदारांना फोन करून करून त्यानं असं भंडावून सोडलं होतं की एक जण तर याचा आवाज ओळखून 'दुकान बंद आहे' असं भर दुपारी सांगायचा.

उस्तादनं उभं आयुष्य गाड्या रंगवल्या होत्या. ठोकलेल्या, खरचटलेल्या, गंजलेल्या गाड्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये यायच्या आणि त्याच्या हाताखालून नव्या होऊन जायच्या. तिथं सगळे त्याला तोंडावर उस्ताद म्हणत आणि पाठ फिरली की 'अजूनएक'. मालक ओरडायचा, गाडी बाहेर काढा, गिऱ्हाईक येऊन उभं आहे. हा रंग फवारायची गन हातात धरून शांतपणे म्हणायचा, अजून एक हात मारू. जेवणाऱ्याला आग्रह करावा तसा तो गाडीला आग्रह करायचा. शिव्या खाल्ल्या, पण त्याच्या हातची गाडी परत आली असं कधी झालं नाही.

मग छाती बिघडली. आधी नुसता खोकला होता, मग खोकल्याबरोबर शिट्टी वाजायला लागली, मग श्वासच पुरेना. कामावरून आला की पलंगाच्या काठावर बसायचा. पुढे वाकलेला, हात गुडघ्यांवर टेकवलेले, मान खाली, खांदे कानांपर्यंत चढलेले. बोलायचं नाही, हलायचं नाही, नुसता एकेक श्वास ओढून आणायचा. बायको शेजारी उभी राहून पाठीवरून हात फिरवायची आणि तो हात झटकायचा. त्या वाकण्याची तिला इतकी धास्ती बसली होती, की तो चपलेचा बंद लावायला वाकला तरी ती हातातलं शिवण टाकून उभी राहायची.

छातीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि स्पष्टच सांगितलं. "क्लिअरमध्ये तुम्ही जे हार्डनर घालता ना, त्याच्याशी तुमच्या छातीनं वैर धरलंय. हे आता मिटणार नाही. ते धुकं पुन्हा छातीत गेलं तर मी काही सांगू शकत नाही. इतरांना पुरतो तो मास्क तुम्हाला पुरणार नाही. रंग सोडा." वर्कशॉपच्या मालकानं दोन गोड शब्द बोलून त्याला घरी पाठवलं.

उस्तादनं डॉक्टरीणबाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि त्यातला सोयीचा तेवढा एक शब्द उचलला. धुकं. कॉम्प्रेसरच्या गनमधून रंग जोरात सुटतो, पत्र्यावर आपटतो, त्यातला बराचसा माघारी उडतो आणि त्याचं धुकं होतं. टर्बाइनची हवा भरपूर, पण सौम्य. रंग जागच्या जागी बसतो आणि धुकं कमी होतं. म्हणजे दुखणं धुक्याचं आहे, रंगाचं नाही. म्हणजे यंत्र बदललं की झालं. मागच्या शेडमध्ये आपलं आपण एकेक गाडी करायची, सावकाश, कुणी ओरडायला नाही. हे त्यानं इतक्या वेळा सांगितलं, की ऐकणाऱ्याला त्यात काय चुकतंय हे शोधायचाही कंटाळा यावा.

जावयानं टायरच्या दुकानात पावत्या फाडायची जागा बघून ठेवली होती. बिचाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. खुर्ची होती, पंखा होता. "बाबा, नुसतं बसायचं," मुलगी फोनवर म्हणाली. उस्ताद "बरं" म्हणाला, फोन ठेवला आणि दाढी करायचं सोडलं. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. एकदा बायको बाजारातून आली, तर हा कपाटाच्या पत्र्यावरच्या ओरखड्यावरून अंगठा फिरवत उभा होता. ती पिशव्या ठेवून आली, पाणी पिऊन आली, तरी तिथंच. तिला वाटलं, हा माणूस आपल्या देखत संपत चाललाय, आणि छातीनं नाही. फक्त टर्बाइनबद्दल बोलताना त्याच्या आवाजात जीव यायचा.

म्हणून तीच एक दिवस म्हणाली, "चला. बघूनच येऊ तुमचं ते यंत्र." शिवणाचे पैसे साठवलेले होते, ते तिनं बरोबर घेतले.

सोबत पुट्टी आला. पुट्टी म्हणजे वर्कशॉपमधला उस्तादचा जोडीदार. पोचे भरायचे, लांबी लावायची, घासायची, हे त्याचं काम, म्हणून हे नाव. त्याच्या आईनं ठेवलेलं नाव त्यालाही चटकन आठवायचं नाही.

दुकानदार तरतरीत होता. "काका, घरगुती वापराला हे बघा. दारं, खिडक्या, कुंपण, सगळं होतं यात."

"मला कुंपण नाही रंगवायचं," उस्ताद म्हणाला, आणि त्याच्या बायकोनं वर्षभरात पहिल्यांदा त्याला ताठ उभं राहिलेलं बघितलं.

मग तिथं जो घोळ सुरू झाला त्याला तोड नव्हती. एका गनचा घोडा सोडला तरी हवा सुटतच राहत होती. ती त्यानं बाजूला सारली. "हात खाली घेतला की ही जमिनीवरची धूळ उडवणार आणि ओल्या रंगावर नेऊन बसवणार. घोडा सोडला की हवा थांबली पाहिजे." दुसऱ्याची नळी इतकी ताठ होती की मनगट धरून आलं असतं. तिसऱ्याचं नोझल रंगाच्या मानानं मोठं निघालं. त्यानं दुकानदाराला पाणी भरायला लावून पुठ्ठ्यावर फवारे मारायला लावले, पुठ्ठा उजेडात धरून बघितला, दुसरा मागितला. दुकानदाराच्या सहनशक्तीचा अंत झाला. तो म्हणाला, "काका, कसाही मारला तरी वरून पॉलिश करता येतंच की." उस्ताद त्याच्याकडे असा बघत राहिला की पुट्टीनं घाईघाईनं दुसराच विषय काढला.

शेवटी कोपऱ्यातून एक यंत्र निघालं. चार पंख्यांचं, आणि त्याला दोन नळ्या. एक गनला, दुसरी डोक्यावरच्या टोपाला. टोप म्हणजे चांगला मानेपर्यंत उतरणारा, पुढे काच. यंत्र बाहेर मोकळ्या हवेत ठेवायचं, तिथली हवा ते खेचणार आणि एका नळीनं रंगाला देणार, दुसरीनं माणसाला. आत कितीही धुकं होवो, टोपात बाहेरची हवा. उस्तादनं टोप घातला, यंत्र सुरू करायला सांगितलं, आणि काचेआड त्याचा चेहरा हसताना दिसला. इतके दिवस न हसल्यामुळे ते हसू जरा वेडंवाकडंच होतं.

"एकाच यंत्रावर काम पण आणि श्वास पण?" पुट्टीनं शंका काढली.

बायकोनं दुकानदाराला सरळ विचारलं, "आणि वीज गेली तर?"

"तर गन बंद, काम बंद."

"गनचं नाही विचारत मी. यांचा श्वास?"

"टोपात हवा यायची थांबणार. टोप काढायचा आणि बाहेर पडायचं, ताई. दार काय लांब असतं?"

तिला ते पटलं नाही. पण उस्ताद टोप हातात घेऊन उभा होता, आणि तो परत ठेवून द्या म्हणायची तिची छाती झाली नाही.

गाडी दिली तिच्या धाकट्या भावानं. जुनीच होती, निळी, ऊन खाऊन टपावर पांढरे चट्टे पडलेली. "भाऊजी, आहे तीच निळी हवी. आणि घाई नाही," असं सांगून तो किल्ली ठेवून गेला. उस्ताद आणि पुट्टीनं ती सुट्टीच्या दिवशी बसून बसून घासली. शेडच्या आत बायकोनं प्लास्टिकचा तंबू शिवला. जाड प्लास्टिकवर यंत्राची सुई मोडली, दुसरी मोडली, तेव्हा हातानं दाभण घालून शिवला. खिडकीत हवा बाहेर टाकणारा पंखा बसवला. आणि तंबूच्या एका अंगाला तिनं पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन घातला, आपल्याला आतलं दिसावं म्हणून.

"मी बाहेर यंत्रापाशी बसणार," ती म्हणाली. "बटण माझ्या हातात. नाहीतर एक थेंब उडवायचा नाही."

"बरं बाई. पण ऐक. काही झालं तर मी डावा हात वर करेन आणि बाहेर येईन. मी बाहेर आल्यावर बटण. आधी मी, मग बटण. उलटं नाही करायचं."

"कळलं."

"म्हण."

"आधी तुम्ही, मग बटण. लहान पोर आहे का मी?"

त्यानं तिच्याकडून ते दोनतीनदा करून घेतलं. तीही हसत हसत करत गेली.

प्रायमर झाला, निळा रंग झाला. त्यात हार्डनर नव्हतं, तरीही टोप होताच. छातीनं कुरकुर केली नाही. उस्ताद दाढी करायला लागला. जेवताना मागून घ्यायला लागला. मुलीला फोन करून, कुणी न विचारता, चार पंखे आणि पाच पंखे यातला फरक सांगितला. आणि मग एका दुपारी, वारा पडलेला बघून, त्यानं क्लिअर कालवलं. पुट्टी कामावर गेला होता. तो येईपर्यंत थांबा, असं ती म्हणाली. "हवा चांगली आहे," उस्ताद म्हणाला आणि तंबूत शिरला. यंत्र सुरू करून ती चौकोनापाशी येऊन उभी राहिली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं नवऱ्याला असं रंगवताना कधी बघितलं नव्हतं. प्रायमरच्या आणि निळ्याच्या वेळी पुट्टी चौकोनासमोर ठाण मांडून होता आणि ती यंत्रापाशी. त्याआधी डबा विसरला म्हणून वर्कशॉपवर गेली तरी फाटकापाशी देऊन परत यायची, आत वास फार असतो म्हणून. घरी यायचा तो थकलेला, रंगाचे डाग पडलेला, चहा मागणारा माणूस तिच्या ओळखीचा होता. या तंबूतला तिला अनोळखी होता. गन धरलेला हात खांद्यापासून सरळ फिरत होता, गाडीच्या एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला हलकेच सुटत होता, आणि पाय त्याच्याबरोबर असे सरकत होते की जमीन कुठं उंचसखल आहे हे त्यांना ठाऊकच होतं जणू. टप झाला. एक दार झालं. मागची बाजू झाली. तिला अभिमान वाटला, आणि थोडा रागही आला. एवढं चांगलं जमणारी गोष्ट या माणसानं आयुष्यभर आपल्याला दाखवली कशी नाही?

पहिला हात निर्वेध झाला. थोडा वेळ थांबून दुसरा सुरू झाला. चौकोनावर आतून बारीक तुषार बसत चालले होते आणि आतलं आता धूसर दिसत होतं. यंत्राचा आवाज कानात भरून राहिला होता. पुढच्या बॉनेटवर तो आला, अर्धं बॉनेट झालं, आणि तो थांबला.

मग वाकला.

एक हात गुडघ्यावर गेला, मान खाली गेली, गनचा हात मागे राहिला. आणि तसाच राहिला. हलला नाही. तिनं हाक मारली. यंत्राच्या आवाजात तिची तिलाच ऐकू आली नाही. तिनं चौकोन बाहेरून पदरानं पुसला, पण धूसरपणा आतून होता. तो वाकलेलाच. पलंगाच्या काठावरची ती सगळी वाकणी तिच्या डोळ्यांसमोर एकदम आली. त्याला हात वर करायचीही ताकद उरली नाही, असं तिला वाटलं, नव्हे, तिची खात्रीच झाली. आधी काय आणि मग काय, हे सगळं डोक्यातून पुसून गेलं. ती यंत्राकडे धावली, बटण बंद केलं आणि परत तंबूकडे धावली.

ती दार शोधून आत शिरेपर्यंत त्यानं टोप काढला होता. काय झालं ते बघायला वळला होता. धुक्यात उघड्या तोंडानं उभा राहून तो काहीतरी म्हणणार होता, त्याऐवजी खोकला आला, आणि तो खोकला थांबलाच नाही. तिनं त्याला काखेत धरून ओढत बाहेर काढलं. शेजारच्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेईपर्यंत त्याचे ओठ काळेनिळे पडले होते.

पुढचे दिवस कसे गेले ते तिला नंतर आठवलं नाही. श्वास आतबाहेर करायला यंत्र लागलं, मग ते काढलं. मुलगी आली. डॉक्टरीणबाई उभ्यानंच खूप रागावल्या. उस्तादच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते त्यांच्यासमोर. एकेक शब्द सुटा सुटा करून तो म्हणाला, "आतच... दम लागला. हिनं... बंद केलं. ओढून काढलं."

डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या. "तुमच्यामुळे वाचले हे. लक्षात ठेवा, तुम्ही तिथं नसतात तर आज आपण बोलत नसतो." मुलीनं तिला मिठी मारली. जावई फोनवर म्हणाला, आई, तुमचं डोकं शाबूत राहिलं म्हणून. धाकटा भाऊ म्हणाला, ताई, मानलं तुला. ती सगळ्यांना म्हणायची, अहो त्यात काय, बटणच तर बंद केलं. पण मनातून तिला बरं वाटायचं. सगळं वाईटच झालं होतं, त्यात ही एक गोष्ट आपल्या हातून नीट झाली, एवढ्या आधारावर दवाखान्याच्या बाकावर तिचा डोळा लागायचा.

उस्ताद घरी आला, पण जो गेला होता तो आला नाही. खोलीतून मोरीपर्यंत जायचं तर मध्ये खुर्ची ठेवावी लागायची. नाकाला नळी, नळी एका घरघरणाऱ्या पेटीला, पेटी भिंतीला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, एवढंच राहील, याहून सुधारणार नाही. टायरच्या दुकानातली खुर्ची केव्हाच दुसऱ्या कुणाला मिळाली होती, आणि मिळाली नसती तरी तिथवर जायचं कुणी? आता त्याच्याकडे करायला काहीच नव्हतं. बघायला येणारे यायचे, आणि तो प्रत्येकाला, दम पुरवून पुरवून, तेवढं एकच सांगायचा. हिनं वेळेवर बंद केलं.

धाकटा भाऊ गाडी घेऊन जायला आला त्या दिवशी पुट्टीही आला. भाऊ आत उस्तादपाशी बसला. टर्बाइनला गिऱ्हाईक बघायचं होतं, म्हणून ती पुट्टीला घेऊन शेडमध्ये गेली. इतक्या दिवसांत तिनं तिथं पाऊल टाकलं नव्हतं. तंबूचं प्लास्टिक सैल होऊन लोंबत होतं. पुट्टीनं ते फाडून बाजूला केलं आणि गाडीभोवती फिरला. बॉनेटपाशी येऊन थांबला. अर्ध्यापुढे, जिथं उस्तादच्या हातून गन निसटली तिथं, सांडलेल्या क्लिअरचे जाडे थेंब वाळले होते. पण पुट्टी बघत होता तो अलीकडचा भाग.

"वहिनी, इकडे या. हे बघा." त्यानं खिशातली बॅटरी काढून पत्र्याच्या कडेनं उजेड टाकला. "एक ओघळ नाही. एक पांढरा डाग नाही. नव्या यंत्रावर, पहिल्यांदा! याला म्हणतात हात." मग तो जरा घुटमळला. "दम लागला होता म्हणता? दम लागला की आधी हात जातो हो. वर्कशॉपमध्ये शेवटी शेवटी बघितलंय मी, ओघळच ओघळ यायचे त्याच्या रंगाला. इथं तर... तो खाली बसला होता का?"

"नाही. वाकले होते. गुडघ्यावर हात ठेवून. मान खाली. किती वेळ हललेच नाहीत."

"हां, मग बघत असणार," पुट्टी सहज बोलून गेला. "असाच वाकायचा तो. शेवटचा हात मारताना, मध्येच थांबून. थर सारखा बसला का ते कडेनं बघायचं असतं, तिरक्या उजेडात. आम्ही हाका मारून थकायचो, पण हा जागचा हलायचा नाही. तुम्हाला तर माहीतच..."

त्याचं वाक्य तिथंच राहिलं. त्यानं दाराबाहेर ठेवलेल्या यंत्राकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि बॅटरी बंद केली.

"तसं नाही वहिनी. दमही लागला असेल. मी काय, इथं थोडाच होतो?"

तिनं बॉनेटच्या त्या नितळ भागावर बोट ठेवलं. उस्तादला काहीही झालं नव्हतं. यंत्र त्यानं अगदी बरोबर निवडलं होतं. टोपात बाहेरची हवा येत होती, छाती शांत होती, आणि तो वर्षभर ज्याच्यासाठी झुरला ते समोर ओलं, चकचकीत, आपल्या हातानं झालेलं बघत वाकून उभा होता. त्या वेळी तिनं त्याचा श्वास बंद केला. धुक्यात तो तिच्यामुळे सापडला. हे त्याला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. आणि शुद्धीवर आल्यावर जे चार शब्द बोलण्याइतका दम छातीत होता, ते त्यानं हे झाकण्यासाठी वापरले होते, आणि रोज वापरत होता.

तिला रडू येईना. ज्या रात्री ती दवाखान्याच्या बाकावर निवांत झोपली, ती झोप तिला आठवली, आणि स्वतःची इतकी किळस आली की तिनं शेडच्या पत्र्याला हात टेकला. पुट्टी "वहिनी, बसा जरा" म्हणत होता. ती बसली नाही. घरात गेली.

मधल्या दारात ती पोचली तेव्हा उस्ताद भावाशीच बोलत होता. पाठीशी दोन उशा, नाकाला नळी, हात मांडीवर.

"...माझ्या काही हातात... राहिलं नव्हतं. हिनं बटण बंद केलं..." तेवढ्यात त्याची नजर तिच्याकडे गेली.

त्यानं तिचा चेहरा बघितला. तिच्यामागे शेडचं दार उघडं होतं आणि दारात पुट्टी खाली मान घालून उभा होता. उस्ताद थांबला. पेटी घरघरत राहिली. भाऊ वाट बघत होता. तिनं मान हलवली, नाही म्हणून, आता नका सांगू म्हणून. त्यानं डोळे तिच्यावरून काढले नाहीत. सावकाश एक श्वास ओढला, मग दुसरा, पुरेसा झाल्यावर वाक्य पुरं केलं.

"...म्हणून मी आज... आहे."

"ऐकलंस का गं ताई?" भाऊ तिच्याकडे वळून हसत म्हणाला.

"ऐकलं," ती म्हणाली.